दहावी पास झालेला भाचा पुन्हा दहावीत? (न्यू जर्सी, हायस्कूल, इंग्रजी आणि १२० क्रेडिटं)

घाटावरची_आत्या | २१ ऑगस्ट २०२३

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं पाककृतींच्या धाग्यांवरच वावरले, आज पहिल्यांदाच गंभीर काही लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भावाचं कुटुंब जुलैत इकडे आलं. भावंडांसाठीचा जो ग्रीन कार्डाचा अर्ज असतो तो मी २००५ साली भरला होता, नंबर लागला आत्ता. अर्ज भरला तेव्हा भाचा जन्मलाही नव्हता. आता सोळाचा आहे, मिसरूड फुटलंय. तासगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतून ८४ टक्के मिळवून दहावी झालाय. गणितात ९३. इंग्रजीत ७१, पण ते ७१ कसे येतात ते आपण सगळेच जाणतो. निबंध पाठ, पत्र पाठ, उताऱ्यातलं वाक्य शोधून जसंच्या तसं उतरवायचं.

मागच्या आठवड्यात हायस्कूलमध्ये नाव घालायला गेलो. काउन्सेलर बाई बोलायला गोड होत्या. गुणपत्रक दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, ह्याला टेन्थ ग्रेडमध्ये घेऊ. भाऊ गाडीत बसेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "ताई, पोरगं दहावी पास होऊन परत दहावीत? गावात काय सांगू?"

भांडून अकरावीत घालावं का? शिवाय एक फॉर्म आहे, घरात कोणती भाषा बोलता असा. आमचे हे म्हणतात इंग्रजी लिहा, नाहीतर ईएसएलचा (इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांच्या खास इंग्रजी वर्गाचा) शिक्का बसेल आणि पोरगं कायम मागे राहील. आणि पदवी... म्हणजे हायस्कूल डिप्लोमा मिळायला इथं नक्की काय काय लागतं? माझी मुलं इथंच जन्मली, त्यांचं कसं झालं ते मला कळलंसुद्धा नाही.

टेक्सास_मिसळ | २१ ऑगस्ट २०२३

आत्या, आधी अभिनंदन. अठरा वर्षं वाट पाहिलीत!
फॉर्मवर खोटं लिहू नका एवढंच सांगते. बाकी न्यू जर्सीवाले सांगतील, इथं प्रत्येक राज्याचं पंचांग वेगळं.

फळा_खडू_बाई | २२ ऑगस्ट २०२३

मी न्यू जर्सीतच एका हायस्कूलमध्ये ईएसएल शिकवते, चौदा वर्षं झाली. आत्याबाई, तुमच्या भावाचा राग मला समजतो, दर ऑगस्टमध्ये एक तरी बाबा माझ्यासमोर हेच बोलतो. तरीही सांगते, दहावीच घ्या. काउन्सेलरनं दिली नसती तर मी स्वतःच ती मागितली असती.

हिशोब बघा. न्यू जर्सीत डिप्लोमाला किमान १२० क्रेडिटं. वर्षभराच्या एका विषयाला साधारण ५. त्यात इंग्रजीची २० म्हणजे चार वर्षांचं इंग्रजी. गणित १५, विज्ञान १५, समाजशास्त्र १५, आणि त्यात अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं हा राज्याचा कायदाच आहे. शिवाय पैशांच्या व्यवहाराचा अर्ध्या वर्षाचा विषय, एखादी कला, दरवर्षी व्यायाम आणि आरोग्य, एक परभाषा. जुन्या शाळेतल्या नववी-दहावीची गणित, विज्ञान, इतिहासाची क्रेडिटं शाळा देऊ शकते. पण तिसरी भाषा म्हणून शिकलेलं इंग्रजी "इंग्लिश नाइन" म्हणून धरायला बहुतेक शाळा तयार होत नाहीत. म्हणजे अकरावीत गेला तर दोन वर्षांत इंग्रजीची वीस. दर तासाला इंग्रजीच.

आणि खरी मेख पुढे आहे. अकरावीच्या मार्चमध्ये एनजेजीपीए नावाची राज्याची परीक्षा असते, इंग्रजी आणि गणित. प्रत्येकी ७२५ ला पास. अकरावीत घातलात तर पोरगं विमानातून उतरल्यावर आठ महिन्यांत त्या परीक्षेला बसणार. दहावीत घातलात तर वीस महिन्यांनी. हे बारा महिने तुम्हाला फुकट मिळतायत, आणि तुम्ही गावात काय सांगू म्हणून ते परत करताय.

वयाचंही भिऊ नका. इथं वीस पूर्ण होईपर्यंत सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे.

फॉर्मवर मराठी लिहा. ईएसएल हा शिक्का नाही, दरवाजा आहे. मराठी लिहिलंत तरच त्याची विडाची चाचणी होईल (विडा, हो, पानाचाच उच्चार, पण ही इंग्रजीची परीक्षा आहे, चार अंगांची: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं). इंग्रजी लिहिलंत तर तो सरळ साध्या वर्गात जाऊन बसेल आणि पेपरात जादा वेळ नाही, शब्दकोश नाही, काही नाही.

स्पष्टवक्ता_४११०३० | २२ ऑगस्ट २०२३

एवढं करण्यापेक्षा पोराला सांगलीत अकरावी सायन्सला घातलं असतं तर? ८४ टक्क्यांत झकास कॉलेज मिळालं असतं. स्वतःच्या भाषेत हुशार पोराला परक्या देशात नेऊन ढ ठरवायचं. हौस!

घाटावरची_आत्या | २२ ऑगस्ट २०२३

स्पष्टवक्ते, द्राक्षाला दोन वर्षं भाव नाही आणि एक वर्ष अवकाळीनं नेलं. हौस नाही. बाकी तुमचा सल्ला अठरा वर्षं उशिरा आला.

फळा_खडू_बाई, तुमचं लिहिलेलं भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. "वीस महिने" वर त्यानं मान हलवली. फॉर्मवर वहिनीनं स्वतः मराठी लिहिलं, देवनागरीत! काउन्सेलर हसल्या.

फळा_खडू_बाई | २३ ऑगस्ट २०२३

वहिनींना माझा नमस्कार :)
आता एक काम लगेच करा, शाळा सुरू व्हायच्या आधी. दहावीच्या गुणपत्रकावर गणित ही एकच ओळ असते. इथल्या माणसाला ते "एक वर्ष, एक विषय" असं दिसतं. पण आपल्याकडे गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, वेगळी पुस्तकं, वेगळे पेपर. विज्ञानाचेही दोन भाग. हे एका कागदावर टंकून द्या, पुस्तकांच्या अनुक्रमणिकेचं भाषांतर जोडा. बोर्डाची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात. आणि मागणी करा की गणिताची प्लेसमेंट चाचणी (कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी) घ्या.

हे मी का सांगते? इंग्रजी कच्चं दिसलं की पोराला गणितही खालचं देतात. ९३ वाला पोरगा अल्जेब्रा वनमध्ये पाचवीचे अपूर्णांक करत बसतो, कंटाळतो, वर्गात झोपतो, आणि मग सगळे म्हणतात बघा, जमत नाहीये.

कोरा_चहा | २३ ऑगस्ट २०२३

हा धागा वाचून पोटात गोळा आला. मी २००९ मध्ये सोळाव्या वर्षी सोलापूरहून जर्सी सिटीत आलो. तेव्हा एनजेजीपीएच्या जागी एचएसपीए नावाची परीक्षा होती. मी सेमी इंग्रजीवाला. म्हणजे हायपोटेन्युज माहीत, फोटोसिंथेसिस माहीत, पण "कॅन यू पास मी दॅट" म्हटलं की काय पास करायचं ते कळेना. मराठी माध्यमाच्या मुलाचं नेमकं उलटं होईल: त्याला कर्ण माहीत आहे, कर्णाचं इंग्रजी नाव नाही. ते एका महिन्यात होतं. घाबरू नका.

गणिताच्या पहिल्या चाचणीत मी नापास झालो ते सांगतो. प्रश्न होता: एकाकडे निकेल आणि डाइम मिळून २० नाणी आहेत, एकूण किंमत १ डॉलर ४० सेंट, तर निकेल किती? समीकरण मला झोपेत मांडता येत होतं. पण निकेल हा धातू आहे असं विज्ञानात शिकलेलो! डाइम तर कधी ऐकलंच नव्हतं. पाच सेंट आणि दहा सेंट एवढं कुणी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. (बारा निकेल, आठ डाइम. अजून आठवतंय.)

भाच्याला नाणी दाखवा. खरी, हातात द्या. इंच-फूट, पाउंड, फॅरनहाइट. आणि बेसबॉलचे नियम, कारण संभाव्यतेची निम्मी गणितं त्यावर असतात.

हडसनकाठी | २४ ऑगस्ट २०२३

नदीच्या पलीकडचं सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. न्यू यॉर्कमध्ये २२ क्रेडिटं आणि रीजंट्स नावाच्या राज्याच्या परीक्षा, पास ६५. नववीत किंवा त्यानंतर अमेरिकेत आलेल्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला इंग्रजीच्या रीजंट्समध्ये ५५ ते ५९ पडले तर अपील करता येतं आणि लोकल डिप्लोमा मिळतो. इंग्रजी सोडून बाकीच्या पेपरांची स्पॅनिश, चिनी वगैरे भाषांतरं असतात. मराठीत नाही, पण ज्या भाषेत छापील पेपर नाही तिच्यासाठी शाळा तोंडी भाषांतर करणारा माणूस बसवू शकते. आम्ही आमच्या पुतणीसाठी मागितला. शाळेनं आधी हिंदीचा माणूस आणला. पुतणी म्हणाली, काका, त्यांच्या हिंदीपेक्षा मला इंग्रजी पेपर सोपा वाटला.

तिथं आणखी एक गोम: ईएनएलचा (तिकडे ईएसएलला हे नाव) जो तास इंग्रजी विषयाला जोडून असतो त्याचं क्रेडिट इंग्रजीत धरतात, नुसता वेगळा ईएनएलचा तास ऐच्छिक विषयात जातो. आम्हाला हे अकरावीत कळलं. न्यू जर्सीतही काउन्सेलरला लेखी विचारा, ह्या तासाचं क्रेडिट कुठल्या रकान्यात जातं.

मृण्मयी_बॉस्टन | २४ ऑगस्ट २०२३

आमच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये एमसीएएस नावाची राज्याची परीक्षा. दहावीत. बाकी सगळं सेम रडगाणं. वाचतेय.

घाटावरची_आत्या | १९ नोव्हेंबर २०२३

मंडळी, बऱ्याच दिवसांनी. चांगलं आधी सांगते. अनुक्रमणिकेची युक्ती लागू पडली, प्लेसमेंट चाचणी झाली, पोरगं अल्जेब्रा टू मध्ये आहे आणि पहिल्या तीनात आहे. विडाचा पहिला अंदाज २ च्या आसपास आला, ६ पैकी. ईएसएलचे दोन तास. सर वर्गात आले की हा एकटा उभा राहायचा, आता बंद झालंय.

आता वाईट. मागच्या आठवड्यात शाळेतून फोन. इतिहासाच्या तासाला परिच्छेद लिहायचा होता, औद्योगिक क्रांतीवर. ह्यानं लिहिला. इतका सुरेख की बाईंनी तो संगणकात टाकून तपासला आणि एका संकेतस्थळावरचा शब्दन् शब्द निघाला. शून्य मार्क आणि पालकांना बोलावणं. भाऊ गोदामात पाळीवर, म्हणून मी गेले. समोर कागद ठेवलेला, लाल पेनानं "प्लेजरिझम", म्हणजे वाङ्मयचौर्य, असं लिहिलेलं. पोराचं तोंड पांढरं. घरी येताना गाडीत म्हणाला,

"आत्या, मी कॉपी नाही केली गं. मी पाठ केलं होतं. वर्गात वही मिटून लिहिलं सगळं."

मला काही उत्तरच सुचेना. कारण खरंच होतं. त्यानं आदल्या रात्री दोन तास बसून पाठ केलेलं, मी स्वतः ऐकलं होतं स्वयंपाकघरातून. आणि मला कौतुक वाटलं होतं!

स्पष्टवक्ता_४११०३० | १९ नोव्हेंबर २०२३

आपली अख्खी बोर्डाची परीक्षाच त्या हिशोबानं प्लेजरिझम आहे मग. मीही गाइडातला "माझा आवडता नेता" लिहूनच पास झालो. पोराला शिक्षा कसली देता, पाठांतराला बक्षीस द्या.

(ह्यावेळी मी खरंच पोराच्या बाजूनं बोलतोय.)

फळा_खडू_बाई | २० नोव्हेंबर २०२३

वाचून गलबलले. आत्याबाई, त्या बाईंना एक पत्र लिहा किंवा मला निरोप पाठवा, मी मसुदा करून देते. मुद्दा एवढाच: ज्या शाळेतून तो आलाय तिथं पाठ करून उत्तम लिहिणं हाच अभ्यास होता, त्याला लबाडीचा हेतू नव्हता, पुन्हा लिहायची संधी द्या. बहुतेक शिक्षक देतात. आणि पत्रात माफी एकदाच मागा, चारदा नाही.

आता त्याचं पाठांतर वाया घालवू नका. त्याला मजकूर पाठ करायला देऊ नका, सांगाडे द्या. "द डेटा शोज दॅट...", "वन रीझन इज...", "धिस सजेस्ट्स...". असे वीस सांगाडे पाठ झाले की मधली जागा त्याची स्वतःची. मी वर्गात हेच करते, भिंतीवर लावून.

दुसरं. इथं विज्ञानात आणि इतिहासात सगळीकडे एकच मागतात: तुझा दावा काय, पुरावा काय, आणि पुराव्यावरून दावा सिद्ध कसा होतो ते सांग. आपली मुलं ह्याला बिचकतात. मग मी मराठी मुलाला विचारते, दहावीच्या विज्ञानात "शास्त्रीय कारणे लिहा" होतं की नाही? होतं. तेच आहे बाबा! फरक एवढाच की तिथं विधान पुस्तक द्यायचं आणि तू कारण लिहायचास, इथं विधानही तूच करायचं.

आणि एक, जे पालक सगळ्यात जास्त चुकवतात. मे महिन्यापर्यंत तो फाडफाड इंग्रजी बोलायला लागेल. दुकानात, मित्रांत, फोनवर. तुम्ही म्हणाल, झालं, आता ईएसएल कशाला. जिम कमिन्स नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकानं चाळीसेक वर्षांपूर्वी मांडलेलं आहे: बोलायचं इंग्रजी एक-दोन वर्षांत येतं, पण पुस्तकातलं, पेपरातलं इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात. तुमच्या पोराला तीन मिळणार आहेत. म्हणून मराठीतलं जे डोक्यात पक्कं आहे त्याच्यावरच इमारत बांधायची, ते पुसून नाही. घरी मराठी बंद करू नका. तुटक इंग्रजीत बोलणाऱ्या आईपेक्षा मराठीत खडसावून "का? कशावरून?" विचारणारी आई जास्त कामाची.

टेक्सास_मिसळ | २० नोव्हेंबर २०२३

शेवटच्या वाक्याला शंभर लाइक.
टेक्सासात पाच परीक्षा असतात, अल्जेब्रा, बायॉलॉजी, अमेरिकेचा इतिहास आणि इंग्रजीच्या दोन. दोनपर्यंत राहिल्या तर एक समिती बसते आणि मुलाचं बाकीचं काम पाहून पदवी द्यायची की नाही ठरवते. पालकही त्या समितीत असतो. माझ्या जावेचा मुलगा इंग्रजी टू मध्ये अडकला होता, तसाच सुटला. पण कुणी आपणहून सांगत नाही हो. विचारावं लागतं.

घाटावरची_आत्या | २ डिसेंबर २०२३

पत्र दिलं. बाईंनी पुन्हा लिहून घेतलं. ह्यावेळी सहाच वाक्यं, त्यात दोन चुकीची, सगळी त्याची. १०० पैकी ७२. वहिनीनं फ्रिजवर लावलंय.

कोरा_चहा | २ डिसेंबर २०२३

माझ्या आईनं माझा पहिला सी प्लस देवघरात ठेवला होता.

घाटावरची_आत्या | १४ एप्रिल २०२४

एक गंमत सांगायची राहिली होती. केमिस्ट्रीत प्रकल्प होता, रोजच्या जगण्यातली एखादी प्रक्रिया घ्या आणि दावा-पुरावा-कारण लिहा. वर्गातल्या पोरांनी सोडा आणि व्हिनेगर केलं. आमचा म्हणाला, आत्या, बेदाणा करू का?

आमच्याकडे द्राक्षं काढली की कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळतात आणि मग शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात. पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार, रंग हिरवट राहतो. नुसती टाकली तर जास्त दिवस लागतात आणि काळपट होतात. हे लहानपणापासून केलेलं, पण का, ते कधी विचारलं नव्हतं. इथं त्यानं शोधलं: द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, पाणी बाहेर जाऊ देत नाही. पोटॅशियम कार्बोनेट आणि ते तेल मिळून तो थर मोडतात. मग माझ्या स्वयंपाकघरात दोन ताटल्या, एकीत बुचकळलेली, एकीत तशीच. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी वजन. माझा वजनकाटा औंसात, त्याची वही ग्रॅममध्ये, त्यावरून एकदा भांडण.

लिहिलेलं चार पानांचं. व्याकरणाला लाल खुणा भरपूर. पण शिक्षकांनी त्याला वर्गासमोर उभं केलं आणि तो बारा मिनिटं बोलला. सप्टेंबरपासून शाळेत तो सलग बारा मिनिटं बोलला नसेल. बेदाणे पोरांनी संपवले. ते आम्ही घरून पाठवलेले, प्रयोगातले नव्हेत, काळजी नसावी.

स्पष्टवक्ता_४११०३० | १४ एप्रिल २०२४

मान गये. सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन आहे हेही सांगितलं का त्यानं?

घाटावरची_आत्या | १५ एप्रिल २०२४

शेवटच्या पानावर ठळक अक्षरात :)

मृण्मयी_बॉस्टन | ७ नोव्हेंबर २०२४

धागा वर काढते. परवाच्या मतदानात मॅसॅच्युसेट्सनं एमसीएएस पास होण्याची अट काढून टाकली. परीक्षा राहणार, पण तिच्यावर पदवी अडणार नाही. माझ्या शेजारणीची मुलगी, एल साल्वाडोरहून आलेली, रडली आनंदानं. मला मात्र शंका आहे. परीक्षा होती तोवर शाळा निदान ह्या मुलांकडे बघत तरी होत्या.

फळा_खडू_बाई | ८ नोव्हेंबर २०२४

मृण्मयी, ह्यावर आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट आहेत. मी कुंपणावर. एका परीक्षेनं चांगली पोरं अडकलेली पाहिलीत. आणि अट नसलेल्या काळात कोपऱ्यात बसवून ठेवलेली पोरंही पाहिलीत. पोरांकडे बघणं हे परीक्षेवर अवलंबून असू नये. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कळत नसलेल्या भाषेत नुसतं तेच पुस्तक आणि तोच फळा समोर ठेवला म्हणजे समान शिक्षण झालं असं नाही. पन्नास वर्षं झाली त्याला. आत्याबाई, मार्चची तयारी कशी चाललीय?

घाटावरची_आत्या | ९ नोव्हेंबर २०२४

विडात ३.६ वर आला. ईएसएलमधून बाहेर पडायला ४.५ लागतात. वाचन आणि लेखनाला प्रत्येकी ३५ टक्के वजन आहे, ऐकण्या-बोलण्याला १५-१५, त्यामुळे बडबड वाढली तरी आकडा हलत नाही, तुम्ही म्हणाला होतात तेच.

शब्दकोशाचा घोळ झाला. परीक्षेत शब्दाला शब्द देणारा कोश चालतो, व्याख्या-उदाहरणं असलेला नाही. आमच्या घरातला जाडजूड कोश त्यामुळे बाद. शेवटी ईएसएलच्या सरांच्या मंजुरीनं एक साधा मिळवला. पण त्याला तो वापरायची सवयच नाही, फोनवर शोधायची सवय! कागदी कोशात वर्णानुक्रमानं शोधताना एका शब्दाला दीड मिनिट जात होतं. आता रोज जेवणाआधी पाच शब्द, घड्याळ लावून. भाऊसुद्धा बसतो. त्याला ड्रायव्हिंगची लेखी परीक्षा द्यायची आहे.

कोरा_चहा | १० नोव्हेंबर २०२४

परभाषेच्या ५ क्रेडिटांचं काय केलंत? स्पॅनिश घेतलं का? मी घेतलेलं, इंग्रजीतून स्पॅनिश शिकणं म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दाखवणं.

घाटावरची_आत्या | १० नोव्हेंबर २०२४

नाही घेतलं! हे लिहायचं राहिलंच. नियमात प्रावीण्य दाखवलं तरी चालतं असं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेतल्या एका ताईंनी सांगितलं की स्टँप नावाच्या परीक्षेत मराठी आहे, लिहायचं आणि बोलायचं. इथं जन्मलेल्या आपल्या मुलांसाठी सगळे तिची धडपड करतात, आमच्या लक्षातच आलं नव्हतं की दहा वर्षं मराठी शाळेत घालवलेल्या पोराला ती द्यायला काय हरकत. दिली. बोलण्यात वरची पातळी. लिहिण्यात थोडी खाली, कारण देवनागरी टंकायला वेळ लागला, ज्ञ कुठे आहे ते सापडेना.

पाच क्रेडिटं सुटली आणि त्या तासाला इंग्रजीचा जादा वर्ग मिळाला. द्वैभाषिक मोहोर, म्हणजे सील ऑफ बायलिटरसी, मिळायला मात्र इंग्रजीचंही प्रमाण लागतं. मराठीचं अर्धं काम झालेलं आहे, इंग्रजीचं बाकी.

घाटावरची_आत्या | ११ जून २०२५

निकाल आला. गणित ७५२. इंग्रजी ७०८.

सतरा मार्कांनी गेलं.

दोन दिवस बोलला नाही. उन्हाळ्यात पुन्हा बसता येतं, बसणार आहे. भाऊ म्हणतो ह्याला अकरावीत घातलं असतं तर आता मागच्या वर्षीच... आणि मध्येच थांबला. त्याचं त्यालाच कळलं.

फळा_खडू_बाई | ११ जून २०२५

७०८ वाईट नाही, खरंच नाही. बावीस-तेवीस महिन्यांपूर्वी त्याला "पास मी दॅट" कळत नव्हतं (ते कोरा_चहाचं, पण तेच).

उन्हाळ्यात बसू द्या, शरदातही संधी असते. पण एकाच दारावर डोकं आपटू नका. एकदा एनजेजीपीए दिली की एसएटीचे (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे) गुणही चालतात, इंग्रजीच्या भागात ४५० हवेत. एसएटीतले उतारे आता छोटे आहेत, एका उताऱ्याला एक प्रश्न. लांब उतारा वाचता वाचता धागा सुटणाऱ्या मुलांना ते बरं पडतं, आणि निबंध लिहायचा नाही. दोन्हीत नाही जमलं तर बारावीत पोर्टफोलिओ अपील आहे, शाळा त्याचं लेखन गोळा करून राज्याकडे पाठवते. काउन्सेलरला आत्ताच सांगून ठेवा, जानेवारीत नको. आणि बेदाण्याची चार पानं जपून ठेवा.

घाटावरची_आत्या | १ डिसेंबर २०२५

उन्हाळ्यात ७१९. शरदात जाऊ शकला नाही, ताप. ऑक्टोबरात एसएटी दिली.

इंग्रजी ४७०.

काउन्सेलरच्या संगणकावर त्या रकान्यात बरोबरची खूण आली, मी डोळ्यांनी पाहिली. आता इतिहासाचा दुसरा भाग आणि व्यायामाचे तास एवढंच उरलंय. काउंटी कॉलेजला अर्ज केलाय. फूड सायन्स म्हणतोय, बघू.

भावानं गावी फोन लावला. "दहावी परत केली का हो?" असं कुणीच विचारलं नाही. तिकडे कुणाला माहीतच नव्हतं.

स्पष्टवक्ता_४११०३० | १ डिसेंबर २०२५

पेढे कुठे पाठवताय? पिन कोड नावातच आहे.

लातूर_ते_डेलावेअर | ६ डिसेंबर २०२५

नमस्कार, पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. आम्ही येत्या जूनमध्ये येतोय. मुलगी नववीत आहे, मराठी माध्यम, तोवर नववी संपेल. आत्ता तिकडून निघायच्या आधी काय करून ठेवू? इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावलाय.

घाटावरची_आत्या | ६ डिसेंबर २०२५

या या! क्लास राहू दे, पण त्याच्या आधी आठवी आणि नववीची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाचं कार्ड, सगळ्यांच्या चार-चार प्रती शाळेचा शिक्का मारून घ्या. इंग्रजी भाषांतरावरही मुख्याध्यापकांची सही घ्या. आमची नववीची राहिली होती, ती मागवायला सात आठवडे गेले, कारण मे महिन्यात शाळेला कुलूप आणि मुख्याध्यापक गावाला. तुम्ही एप्रिलच्या आतच करा. आणि गणिताची दोन्ही पुस्तकं बॅगेत घाला, वजनाचं बघू नका, लोणचं कमी न्या.